त्यांच्या गाडीला माझे हात

करमाडजवळच्या शाळेत शिकवून बसनं घरी यायला मला रोज संध्याकाळ होते. चिकलठाण्याच्या थांब्यावर उतरून गल्लीत वळलं की आधी आमच्या घरापुढचं पत्र्याचं शेड दिसतं, शेडमध्ये माझ्या नवऱ्याची जुनी गाडी, आणि गाडीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते स्वतः. मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत काठीनं चालतात. बोलणं बरंचसं परत आलं, पण शब्द जागचे हलले. पाणी पाहिजे असलं की चहा म्हणतात, पंखा लावायला सांगायचं असलं की दार लाव म्हणतात. घरातलं मला सवयीनं कळतं. चुकलंच तर ते डोळे मिटून मान हलवतात आणि मी दुसरं काहीतरी आणून देते.

गाडी गोल दिव्यांची, आमच्या लग्नाच्याही आधीची. कारखान्यात मेंटेनन्सला असताना त्यांनी ती एका भंगारवाल्याकडून आणली होती. रिटायर झाल्यावर इंजिन पूर्ण खोललं, एकेक भाग धुऊन, घासून परत बसवलं. तेल-पाण्याच्या मीटरच्या नळ्या तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या, आणि एका सकाळी ते मोरीत पडले.

मुलगी पुण्याहून म्हणाली, "आई, विकून टाका ती गाडी." मलाही तसंच वाटायचं. पण हाताचे व्यायाम करा म्हटलं की भिंतीकडं तोंड करून झोपणारा हा माणूस, गाडीजवळ बसायचं म्हटलं की तीन पायऱ्या उतरून खाली यायचा. म्हणून मी गप्प बसले. मग एक दिवस ते म्हणाले, "तू कर. तुझा हात." मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो त्या दिवशी नव्हता.

रविवार ठरला. माझा तेवढाच मोकळा दिवस, त्यात आठवड्याचे कपडे, दळण, पेपर तपासणं. सगळं उरकून दुपारी मी जुनी साडी नेसून बॉनेटखाली वाकले.

काम म्हटलं तर लहान होतं. तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरची बारीक नळी इंजिनला जिथं मिळते, तिथं एक पितळेचा वाकडा जोड बसतो, त्याला एल्बो म्हणतात. त्याचे आटे टोकाकडं निमुळते असतात, म्हणजे जसजसा आत जाईल तसतसा घट्ट होतो. इंजिनाच्या भोकात गळती बंद करायचा जुना मसाला वाळून बसला होता. तो मी पेट्रोलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं काढला. मग तेल गळू नये म्हणून एल्बोच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची. मी अगदी टोकापासून सुरुवात केली तर त्यांनी डाव्या हातानं माझं बोट बाजूला केलं. पहिला आटा उघडा ठेवायचा, नाहीतर टेपचे तुकडे तुटून तेलाच्या वाटेत जातात. हे त्यांना बोलून सांगता आलं नाही, ते उघड्या आट्यावर नख आपटत राहिले, तेव्हा कुठं मला समजलं.

हातानं फिरेल तेवढा फिरवला आणि मग पाना लावला. आता एल्बोचं तोंड वर, नळीकडं यायला पाहिजे होतं. ते अजून बाजूला होतं. मी विचारलं, "अजून आवळू?"

"सोड," ते म्हणाले. "मागं. सोड."

मी मागं फिरवला. तोंड बरोबर वर आलं. ते "नाय, नाय" करायला लागले, पण तोवर मला वाटलं काम झालं. नळी जोडली, आत बसून किल्ली फिरवली. एवढ्या वर्षांनी इंजिन लागलं, आणि पुढून ते ओरडले. बंद करून येऊन बघते तर एल्बोच्या बुडातून तेल ओघळत खाली फरशीवर आलेलं. ते परत "सोड, सोड" म्हणत होते.

माझा तोल सुटला. "तुम्ही सांगितलं तसंच केलं ना मी! आता परत सोडू?" असं म्हणून पाना लावला आणि जीव खाऊन आवळला. कट्ट आवाज आला. एल्बोला उभी चीर गेली होती.

त्यांनी मांडीवरचं फडकं फेकून दिलं. मी ते उचललं नाही. आत जाऊन हात धुतले, तेलाचा वास जाईना, तशीच पेपर तपासत बसले. ते काळोख पडेपर्यंत खाली होते. मग मीच जाऊन घेऊन आले.

सोमवारी बसमध्ये खिडकीला डोकं टेकल्यावर माझ्या लक्षात आलं. पाण्याला चहा म्हणणारा माणूस आवळायला सोड म्हणत होता. स्वयंपाकघरात मी त्यांचे शब्द तपासून घेत होते, आणि इंजिनाजवळ, मला त्यातलं काही कळत नाही म्हणून, जसेच्या तसे पाळत होते. ते "नाय" म्हणत होते तेही मी ऐकलं नव्हतं. मला कुणाचाच राग आला नाही. नुसता थकवा आला, की आता हेसुद्धा नव्यानं शिकायचं.

जालना रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात चिरलेला एल्बो दाखवला. दुकानदार हसला, "भाभी, पितळ है ये, इतना जोर नक्को." त्यानं नवा दिला, टेपचं रीळ दिलं.

पुढच्या रविवारी काम सुरू करण्याआधी मी त्यांच्यासमोर पाटावर बसले. म्हटलं, "अहो, तोंडानं काही सांगू नका. माझं मनगट धरा. जिकडं फिरवायचं तिकडं ढकला, थांबायचं तर दाबा."

त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून बघितलं. मग "व्हय," म्हणाले.

परत सगळं साफ केलं, परत टेप गुंडाळली. त्यांना उठवून बॉनेटच्या कडेला टेकून उभं केलं. पाना माझ्या हातात, माझं मनगट त्यांच्या डाव्या हातात. ते थोडं ढकलायचे, थांबायचे, परत ढकलायचे. एल्बोचं तोंड वर येता येता मला वाटलं आता पुढं जाईल, मी हात सैल सोडला, तर त्यांनी मनगट अजून एक बोटभर पुढं रेटलं आणि दाबलं. बस. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांचा हात तसाच माझ्या मनगटावर राहिला, मीही तो काढला नाही. लकवा झाल्यापासून मीच त्यांना धरत आले होते, अंघोळीला, पायरीला.

इंजिन लागलं. ते बॅटरीच्या उजेडात एल्बोकडं बघत वाकून उभे राहिले, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर. थेंब नव्हता. ते बॅटरी हलवून चालू ठेव म्हणत होते. सीट एकसारखी थरथरत होती, ऊन पत्र्यावर होतं, आणि मला तिथंच झोप लागली.

जाग आली तेव्हा सगळं शांत होतं. ते माझ्या दाराशी उभे होते, खिडकीतून आत घातलेला डावा हात किल्लीवर. काठी पुढं, खुर्चीजवळ पडलेली. मडगार्डाला धरत धरत ते एकटे तिथवर आले होते.

"पडला असता म्हणजे?" मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही. त्यांनी खांदे उडवले आणि गाडीच्या छतावर दोनदा थाप मारली.

मी उतरून काठी आणून दिली. घरात जाताना ते म्हणाले की आता पाण्याच्या मीटरची नळी. म्हणजे चहाच्या, असं म्हणाले, पण मला कळलं. मी स्पष्ट सांगितलं की दर रविवारी मला जमणार नाही, एक रविवार गाडीचा, एक माझा, आणि माझ्या रविवारी मी काही करणार नाही, नुसती झोपणार. ते दोन दिवस रुसून बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरून आले तर ते शेडमध्ये नव्हते. आत खाटेवर बसून उजवी बोटं डाव्या हातानं एकेक करून उघडत होते. मी पिशवी ठेवली आणि त्यांच्याशेजारी आडवी झाले.