पंधरा मीटरचा पतंग

"कागद राहू द्या बाई, आधी हात लावा."

आमच्या ग्रेडरसाहेबांचं हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकायची. बोलता बोलता ते समोरच्याच्या हातातला कागद अलगद काढून घेत आणि टेबलावर पालथा ठेवत. लग्नाची पत्रिका आली तरी आधी ती अंगठ्यानं चोळून पाहत, "कागद बरा हाये," म्हणत आणि मग लग्न कोणाचं ते वाचत.

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापसाची प्रत ठरवायचे आणि मी स्टोअर सांभाळायची. कापसाची गाडी फाटकातून आत आली की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालत, आतली चिमूट उपसत, दोन अंगठ्यांत धरून ताणत आणि डोळे मिटत. तंतूची लांबी, ओलावा, कचरा, सगळं अर्ध्या मिनिटात व्हायचं. कोणी हुज्जत घातली तर चिडत नसत. त्याच माणसाच्या तळहातावर दोन चिमटी ठेवत, एक त्याच्या मालाची, एक दुसऱ्या गाडीतली. "आता तुमीच सांगा, बावा." बहुतेक वेळा माणूस हसायचा आणि गाडी काट्यावर न्यायचा.

माझं सगळं कागदावर. बेल्ट, बेअरिंग, ग्रीस, गोणपाट, प्रत्येकाची वेगळी यादी. माझ्या स्वतःच्या लग्नातल्या रुखवताची यादीसुद्धा मीच केली होती, दोन प्रतींत. त्यामुळे आमचं जमायला नको होतं. पण जमलं. माणसं कशी जमतात याचा नियम तुम्हाला सापडला असेल तर मलाही कळवा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम पूर्वी होळीपर्यंत चालायचा, तो संक्रांतीलाच आटपू लागला. मग दिवसभर मी मोजलेले बोल्ट पुन्हा मोजायची आणि ग्रेडरसाहेब माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे.

त्यातच एका वर्षी तमिळनाडूतल्या एका सूतगिरणीनं आमच्या गाठी नाकारल्या. प्रत सांगितली तशी नाही, असं त्यांचं म्हणणं. मालकांनी ग्रेडरसाहेबांना तिकडे पाठवलं. तिथे थंडगार खोलीत कपाटाएवढं यंत्र होतं. एकानं त्यात चिमूट घातली आणि आकड्यांचा कागद बाहेर आला. आकडे ग्रेडरसाहेबांच्या विरुद्ध होते. त्यांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा तोच कागद.

"तिसऱ्या खेपेले त्याइनं मलेच बाहेर बसवलं," त्यांनी मला सांगितलं. जेवणाची सुट्टी होती आणि त्यांचा डबा उघडलेला नव्हता. "अठ्ठावीस वर्सं झाले बाई. आता मालक म्हनते, पुढच्या साली मशीनचाच कागद चालन. मले एवढंच समजलं पाह्यजे, का माहा हात खरंच गेला का."

मी काहीतरी धीराचं बोलणार होते, तेवढ्यात ते म्हणाले, "परत येताना समुद्रावर गेलतो. तिथं एक मानूस पाह्यला. कमरेले पट्टा, पायाखाली फळी, अन् वर हा एवढा पतंग. पतंग त्याले पान्यावरून वढून राह्यला."

"बरं, मग?"

"मग काई नाई. मले ते शिकाचं हाये."

मला वाटलं, प्रवासात ताप आला असेल. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हरकतींची यादी करून दिली. वय त्रेपन्न. वजन चोपन्न किलो. पोहणं विहिरीपुरतं. समुद्र दोन दिवसांच्या अंतरावर. त्यांनी ती मन लावून वाचली.

"सगळं बरोबर हाये," म्हणाले आणि यादी पालथी ठेवली. "पन तिथं कागद नाई निघत बाई. वारा किती, कुठून, जोर वाढला का पडला, सगळं दोरीतून हातालेच समजते. नाई समजलं तं मानूस पान्यात. लपवाले जागाच नाई."

हात तपासायला पतंग कशाला लागतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आताही नीटसं कळलं आहे असं नाही. पण खरेदी म्हटल्यावर माझा हात आपोआप वहीकडे जातो.

ऑफिसातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर शोधून मी तिकडच्या किनाऱ्यावरची एक दुकानवाली गाठली. ती हे पतंग दुरुस्त करून जुन्यात विकायची आणि शिकवायचीही. फोनवर तिची हिंदी तुटकी, माझीही तुटकी, त्यामुळे आमचं बरं जुळलं. तिचा पहिला प्रश्न होता, शिकणाऱ्याचं वजन किती.

"क्विंटलच्या आत हाये म्हना," मागून ग्रेडरसाहेब म्हणाले.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. नवशिक्यानं आधी काही दिवस शिकवणाऱ्याबरोबर शिकावं. आधी दोन-तीन मीटरचा छोटा पतंग घ्यावा आणि कोरड्या जमिनीवर हात बसवावा. मोठा पतंग जुना चालेल, पण फार जुना नको, आणि त्याची लाल मूठ चालू हवी. ती ओढली की पतंगातला जोर जातो आणि तो खाली पडतो. पतंग किती मीटरचा, म्हणजे त्याचं कापड किती चौरस मीटर, ते वजनावर आणि वाऱ्यावर. जोराच्या वाऱ्याला छोटा, मंद वाऱ्याला मोठा.

हे शेवटचं मी लिहिलं, उलट वाटलं म्हणून खोडलं आणि पुन्हा लिहिलं. सात मीटर, नऊ, बारा, पंधरा. कमरपट्टा, दांडी, दोऱ्या, पंप, फळी. दोन दिवसांत माझ्या वहीची चार पानं भरली आणि डोक्यात काहीच उरलं नाही. एवढा गोंधळ मला बेअरिंगच्या नंबरांनीही कधी घातला नव्हता.

गोंधळ झाला की मी नियमाकडे जाते. आमच्या कारखान्याचा नियम सोपा होता: तीन भाव मागवायचे, तुलनेचा तक्ता करायचा, सर्वांत कमी दर घ्यायचा. दुकानवालीकडे तीन जुने पतंग होते. मी प्रत्येकाच्या किमतीला मीटरनं भागलं. पंधरा मीटरचा पतंग मीटरमागे सर्वांत स्वस्त निघाला. मोठा आणि स्वस्त, मला आनंदच झाला. मग मी यादीवर लाल पेन फिरवलं. छोटा पतंग: एक घेतल्यावर दुसऱ्याची गरज नाही. शिकवणी: हा माल नव्हे, स्टोअरच्या खरेदीत बसत नाही.

"हात लावल्याशिवाय घ्याचा?" ग्रेडरसाहेब चाचरत म्हणाले.

"इथून कसा लावणार? तिनं लिहून दिलंय, स्थिती उत्तम."

"तुमी म्हनता तं ठीक हाये."

ते असं सहज मानणारे नव्हते. त्या गिरणीतून आल्यापासून मानायला लागले होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गाठी पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून पतंग आला. रिकाम्या गोदामात आम्ही तो पसरला. पिवळा आणि निळा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ग्रेडरसाहेबांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मुद्दाम पाहायला आल्या होत्या.

"नऊवारी तं यातून दोन निंगतीन," वहिनी म्हणाल्या. "मी मिक्सर मांगतलं तं म्हने दिवाळीले पाहू. अन् या बुढ्याले पतंग!"

बुढा गुडघ्यांवर होता. त्यांनी प्रत्येक शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याखालून नेली. त्यात तास गेला. एका ठिकाणी ते थांबले, मागे गेले, पुन्हा थांबले आणि डोळे मिटले.

"इथं जीव नाई राह्यला."

मी वाकून पाहिलं. कापड नव्यासारखं दिसत होतं. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. मला काहीच लागलं नाही.

"यादीत उत्तम लिहिलंय," मी म्हणाले.

मग त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि सुलटीच परत दिली. "असंन मंग. माहा हातच गेला असंन." त्यापुढचे चार दिवस ते फक्त एकच करत होते. दोऱ्या गोदामाच्या खांबाला बांधायच्या, कमरपट्टा घालून मागे रेलायचं आणि लाल मूठ ओढायची.

ज्येष्ठात पुसदकडच्या एका धरणावर आम्ही तिघं गेलो. पाणी पार मागे हटलं होतं आणि काठाचा गाळ वाळून सपाट मैदान झालं होतं. वारा असा, की वहिनींचा पदर खांद्यावर ठरेना. मी सामानावर खुणा केल्या, सगळं होतं. पंपानं पतंगाच्या पुढच्या कडेत हवा भरली. मी आणि वहिनींनी दोन टोकं धरली, पंचवीस पावलांवर ग्रेडरसाहेब दांडी धरून उभे राहिले आणि त्यांनी मान हलवली. आम्ही पतंग सोडला.

तो सरळ वर गेला. एक क्षण, फार तर दोन, ते अगदी स्थिर होते, मान वर, हात पुढे. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि पंधरा मीटरचा पतंग चोपन्न किलोच्या माणसाला घेऊन निघाला. आधी ते धावले, मग पडले, मग नुसतेच ओढले गेले, पाण्याकडे. वरून कापड फाटल्याचा लांब आवाज आला. त्याच वेळी त्यांचा हात लाल मुठीवर गेला आणि पतंग धाडकन खाली आला.

वहिनी माझ्याआधी पोचल्या. "जित्ते हा का, बोला!" कोपर सोलून निघालं होतं, चष्मा कुठेतरी गेला होता, तोंडात माती होती. त्यांनी ती थुंकली आणि मला विचारलं, "कुठं फाटला?"

"अहो, रक्त येतंय तुम्हाला!"

"बाई, कुठं फाटला ते पाहा."

मी पतंगाकडे गेले. तो पाण्याजवळच्या चिखलात पसरला होता. शिवणी मोजत गेले. फाटलं होतं ते बरोबर तिथे, त्यांनी माझं बोट ठेवलं होतं तिथून सुरू होऊन पुढे हातभर. मी ओरडून सांगितलं. ग्रेडरसाहेब तसेच उताणे पडून हसायला लागले, आणि वहिनी, ज्या आतापर्यंत रडल्या नव्हत्या, रडायला लागल्या.

घरी येऊन मी दुकानवालीला फोन केला. तिनं मला धुऊन काढलं. चोपन्न किलोला पंधरा मीटर? छोटा पतंग का नाही घेतला? कोणी निवडलं हे? मी म्हणाले, मी निवडलं. लाल पेनाचंही सांगितलं. मग फाटलेल्या जागेचं आणि अंगठ्याचं सांगू लागले, तर अंगठ्याचं तिला समजलंच नाही. फाटण्याआधी आमच्या माणसानं ती जागा ओळखली होती, एवढं मात्र समजलं. मग ती म्हणाली, त्यांना इकडे पाठवा.

पुढच्या हंगामात कारखाना उघडलाच नाही. ग्रेडरसाहेब तिकडे गेले, मागोमाग वहिनीही. विकायला आलेले जुने पतंग तपासायचं काम त्यांना मिळालं. शेडचं दार लावून ते एकटे बसत आणि संध्याकाळी पतंग बाहेर येई तेव्हा त्यावर खडूचे गोल असत. ते गोल दुरुस्त केल्याशिवाय दुकानवाली पतंग विकत नसे. दार का लावता, असं मी फोनवर विचारलं होतं. "कोनी पाह्यलं का मले ते थंडी खोली आठोते," म्हणाले.

"आणि तुमचं शिकणं? फळीवर उभे राहिलात का?"

"वारा चांगला हाये इकडं."

वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "रोज म्हनते उद्या." दुकानवालीला विचारलं तर ती म्हणायची, हां हां, बहोत अच्छा. तिघांकडून तीन उत्तरं. ते पाण्यावर उभे राहिले की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

तिसऱ्या वर्षी छातीत कळ येऊन ते गेले, तिकडेच. वहिनी पुसदला मुलीकडे आल्या. मी भेटून आले. त्यांनी चहा दिला, मुलीच्या मिक्सरबद्दल तक्रार केली आणि ग्रेडरसाहेबांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दुकानवालीचा फोन आला. शेडमध्ये जुने पतंग साठले होते. शिकाऊ पोरं येऊन खडूवाल्या काकांनी पाहिलेलाच पतंग मागत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "उनका मशीन किधर है?"

"मशीन?"

"जिससे वो चेक करते थे." शेड उलटंपालटं करून झालं, म्हणाली. त्यांची पिशवी पाहिली, कपाट पाहिलं, वहिनींना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. "छोटा होगा. जेब में आनेवाला. आपके पास तो नहीं रह गया? मिले तो भेज देना, मैं पैसा दूँगी."

"पाहते," मी म्हणाले.