पगार मोजायची वाकळ

धाराशिवहून ईट गावाला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची गुंडाळलेली वाकळ, अशी दोघं बसली होती. मी जेमतेम टेकलो होतो.

"काका, हिला मांडीवर घ्या की."

"तिचंबी तिकीट काढलंय असं समजा," ते गंभीरपणे म्हणाले.

त्यांची लेक वकील झाली होती. एका मोठ्या लॉ फर्मनं तिला मुंबई किंवा हैदराबाद निवडायला सांगितलं होतं. मुंबईत पगार जास्त. काका दोन्ही शहरांत जाऊन, त्या त्या पगारात परवडणाऱ्या खोल्यांत ही नवराबायको दोघांनी झोपायची वाकळ अंथरून आले होते. खोली दाखवणाऱ्या एजंटांचे चेहरे डोळ्यांपुढं आणून मी मनात टाळ्या वाजवल्या.

"हैदराबादला ऐसपैस पसरती. मुंबईला पगार लई, पण वाकळ दुमडावी लागती. एकच माणूस मावतंय."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. आजच उत्तर कळवायचं होतं. काकांनी स्पीकर लावला, तसं कंडक्टरनं तिकिटाचं मशीन थांबवलं.

"तुझं मन कुठं हाय, ते सांग."

"मुंबईत. पण अण्णा, तुम्ही दोघं आल्यावर..."

"मग मुंबईच घे. आमी पाळीपाळीनं येऊ. तेवढीच तुझ्या आईच्या घोरण्यातून सुटका."

सारी बस हसली. फोन ठेवल्यावर मी हळूच विचारलं, "काकू खरंच एवढ्या घोरतात?"

"न्हाय हो," वाकळीवरून हात फिरवत ते म्हणाले, "ती शेजारी नसली की मला झोपच लागत न्हाय."