तीन भाऊ, तीन आडनावं

माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तोरोसच्या डोंगरातल्या कुठल्याही टोळीचं नाव घ्या, ते कुठून आलं हे त्या शेळीचं दूध काढता काढता सांगत. काराकेचिली म्हणजे काळ्या शेळ्यांवाले. साचीकाराली, काळ्या केसांचे. ताहताजी, रानात फळ्या कापणारे. आम्ही सगळे योरुक, म्हणजे चालणारे, आणि त्यातही आम्ही सारीकेचिली, पिवळ्या शेळ्यांवाले. कुणी मुद्दाम खोडी काढायचं, "केझबानबाई, तुमच्या शेळ्या तर काळ्या, पिवळी कुठाय?" त्या मान वर न करता म्हणायच्या, "तुझ्या खापरपणजोबानं खाल्ली. जा, त्याच्या कबरीवर जाऊन विचार." आणि एखादं नाव ठाऊक नसलं तर तेही सांगायच्या. होनामली हे नाव कुठून आलं मला माहीत नाही, म्हणायच्या, आणि जो माहीत आहे म्हणतो तो थापाड्या आहे.

त्यांच्या पोरांची नावंही अशीच कमावलेली. थोरला मेमिश. त्याच्यामागे दोन पोरं पाळण्यातच गेली, म्हणून पुढच्याचं नाव ठेवलं दुरान, म्हणजे राहणारा. तो राहिला. धाकट्याच्या वेळी त्यांनी धोकाच पत्करला नाही. जन्मल्याबरोबर शेजारच्या तंबूत ओंजळभर दलियाला विकला आणि तिसऱ्या दिवशी परत आणला, मरणाला वाटावं की हा केझबानचा नाहीच. म्हणून तो सातिल्मिश, विकलेला. तो माझा नवरा. माझं स्वतःचं नाव दोंदू, म्हणजे वळली, आता तरी नशीब मुलाकडे वळू दे म्हणून. चार मुलींनंतर पाचवी झाले, तेव्हा बापानं देवाला सुनावलेलं नाव आहे ते. मला कुणी विचारलं नव्हतं, पण निदान त्या नावात माझ्या बापाचा राग तरी खरा होता.

सासरे येमेनच्या लढाईवर गेले ते गेलेच. सासूबाईंनी तीन पोरं आणि एक कळप एकटीनं वाढवला. हिवाळ्यात समुद्रकाठी, उन्हाळ्यात वर कुरणावर, दर वर्षी तीच वाट. तिन्ही भावांचे तीन तंबू, पण कळप एक, कुरण एक, चूलही बहुतेक एकच. ते कुरण सारीकेचिलींचं आहे हे खालच्या गावांना, वरच्या लांडग्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आडनावाचा कायदा आला. दोन वर्षांच्या आत प्रत्येक घरानं आडनाव घ्यायचं. आम्हाला तो कळला तेव्हा मुदत संपत आली होती. आता कुणीही शहाणा म्हणेल, तिघा भावांनी एकत्र जायचं होतं. असं म्हणणाऱ्यानं कधी शेळ्या राखल्या नाहीत. पिल्लांचे दिवस होते, कोल्हे फिरत होते, तिन्ही बाप्ये एकदम कळप सोडून जातील कसे? आमच्यात तसं करतच नाहीत. एक आज गेला, तो आल्यावर दुसरा, मग तिसरा. तिघांनाही आईनं एकच सांगून पाठवलं होतं, "सारीकेचिली लिहून या."

मेमिश भावजी ओगुझ होऊन परत आले. दुरान भावजी देनिझ, म्हणजे समुद्र. आणि माझा नवरा दुरमाझ, म्हणजे न थांबणारा. कारकुनानं त्याला विचारलं होतं, "तुम्ही लोक सारखे भटकता ना?" हा भोळा म्हणाला, "हो साहेब." झालं आडनाव.

सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी कळप बाकीच्यांवर टाकून त्या गाढवावर बसल्या, आणि वाट दाखवायला आणि बोलायला आधार म्हणून मला बरोबर घेतलं. आधार कसला, मी कचेरीत तोंड उघडलंच नाही. कारकून तरणाबांड होता, नव्या टोपीचा, समोर छापील यादी.

"साहेब, तीन लेकरं एका पोटची," सासूबाई म्हणाल्या. "तीन नावं कशी?"

"एकेका घराचा कर्ता वेगळा आला, वेगळं मिळालं. संपलं आजी."

"मी सारीकेचिली सांगितलं होतं."

"टोळीचं नाव चालत नाही. कायद्यात बंदी आहे. आता टोळ्या नाहीत, सगळे एक."

"मग हे ओगुझ काय आहे?"

कारकुनाचा चेहरा एकदम उजळला, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा. "आजी, ओगुझ म्हणजे आपले पूर्वज! दूर पूर्वेच्या गवताळ मैदानातून आले ते. चोवीस शाखा होत्या त्यांच्या."

"म्हणजे टोळीच की."

"ती टोळी नव्हे. तो इतिहास आहे."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकातली टोळी मेलेली आहे म्हणून तिचं नाव चांगलं. आमची जिवंत आहे म्हणून बंदी. आम्ही मेल्यावर आमचंही नाव कुणाला तरी बक्षीस द्याल का रे लेकरा?"

त्यानं शाई सुकवली आणि पुढच्याला हाक मारली. विधवा म्हणून त्यांचं नाव थोरल्याच्या घरात लिहिलेलं होतं, त्यामुळे त्याही ओगुझ. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "कागदावर मी दोन पोरांची कुणीच नाही, दोंदू." मी म्हटलं, "आई, कागदाला कोण विचारतं?" माझ्या त्या शहाणपणाला आजही चपलेनं मारावंसं वाटतं.

कारण पुढच्याच वसंतात कागदाला सगळे विचारायला लागले. हुकूम निघाला की वरची कुरणं टोळीच्या नावावर राहणार नाहीत, एकेका घराच्या नावानं परवाना निघेल. थोरले म्हणून मेमिश भावजी गेले आणि परवाना घेऊन आले. ओगुझ घराणं, एवढंच त्यावर लिहिलं होतं. भावजींनी चुलीपाशी बसून, आईच्या हातची भाकरी खात सांगितलं, "नाव माझं लागलं, पण कुरण आपल्या सगळ्यांचं. काळजी नको." मी त्यांना दुसरी भाकरी वाढली.

ते आपल्या वाट्याच्या शेळ्या घेऊन आधी वर गेले, तंबू ठोकायला. आम्ही दोन्ही घरं आणि सासूबाई मागून उरलेला कळप घेऊन, बारा दिवसांची वाट. बर्फ त्या वर्षी उशिरा वितळलं होतं, गवत आखूड होतं. चढावर पोचलो तर खिंडीत घोड्यावर हवालदार, आणि त्याच्या शेजारी मेमिश भावजी.

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्यानं दुरानचा आणि सातिल्मिशचा कागद पाहिला, परवाना पाहिला आणि डोकं खाजवलं. "हा ओगुझ, हा देनिझ, हा दुरमाझ," तो म्हणाला. "परवाना एकाच घराचा आहे. पण मेमिश, तू नुसतं सांग की हे तुझे भाऊ आहेत, मी लिहून घेतो आणि सोडतो. आहेत का?"

एवढंच. हो म्हणायचं होतं. मेमिश भावजींनी खाली आखूड गवताकडे पाहिलं, आमच्या कळपाकडे पाहिलं, मग घोड्याच्या खुरांकडे पाहत म्हणाले, "कागदात जे आहे ते आहे."

दुरान भावजी पुढे झाले तसा माझ्या नवऱ्यानं त्यांना कव घालून धरून ठेवलं. मी शिव्या दिल्या, मला येतात तेवढ्या सगळ्या. अजून मला त्या दिवसातलं एकही वाक्य परत घ्यावंसं वाटत नाही. सख्खा भाऊ, एका शेळीच्या दुधावर वाढलेला, आणि तोंडात एका अक्षराचा हो येईना! त्या कारकुनाला निदान आम्ही कोण हे माहीत नव्हतं. ह्याला माहीत होतं.

हवालदार ओशाळून सासूबाईंना म्हणाला, "आजी, तुम्ही ओगुझ आहात. तुम्ही जाऊ शकता वर."

"जाऊ शकते ना?" त्यांनी विचारलं. "कुणी अडवणार नाही?"

"नाही आजी. हक्क आहे तुमचा."

त्यांनी एक उंट सोडवून घेतला आणि त्याची दोरी धरून खिंडीतून वर गेल्या. मेमिश भावजींच्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांना वाटलं, आई आपल्याकडे आली. झऱ्याकाठी त्यांचा तंबू उभा होता, शेळ्यांच्या काळ्या केसांचा, ताज्या दोरांचा. सासूबाई त्याच्यापाशी गेल्या, आतल्या थोरल्या जाऊबाईंना काहीतरी म्हणाल्या, आणि जाऊबाई पोराला काखेत घेऊन बाहेर आल्या. मग सासूबाईंनी खुंट्या उपटायला सुरुवात केली.

आमच्यात तंबू बाप्याचा नसतो. जी विणते तिचा असतो, पट्टीन् पट्टी. थोरल्याच्या लग्नात दिलेला तो तंबू सासूबाईंनी तीन हिवाळे विणला होता, आणि दिला म्हणजे राहायला दिला. मेमिश भावजी धावत वर गेले. "आई, काय करतेयस? लोक बघतायत!"

"बघू देत. कुरण तुझं, तंबू माझा. हवालदार, लिहून घे हवं तर."

हवालदारानं घोडा वळवून तोंड दुसरीकडे केलं. सासूबाईंनी कमरेच्या सुऱ्यानं पट्ट्यांची शिवण उसवली, एकेक पट्टी घडी करून उंटावर लादली. तासभर लागला असेल. जाऊबाईंनी मधेच पोर खाली ठेवून घडी घालायला हात लावला, आणि त्या बाईबद्दलचा माझा राग तेवढ्यापुरता मावळला. मेमिश भावजी परवाना हातात धरून उघड्यावर उभे होते. सासूबाई खाली आमच्यात आल्या आणि म्हणाल्या, "चला."

पण चला कुठे? राग काही शेळ्या चरवत नाही. तो उन्हाळा आम्ही खडकाळ उतारावर काढला, परक्यांच्या बांधांवरून हाकलले जात. निम्मी पिल्लं मेली. शरदात कळप विकला गेला, मग उंट गेले, आणि आम्ही समुद्रकाठच्या एका गावात विटांच्या दोन खोल्यांत स्थिरावलो. चालणाऱ्यांच्या पोरी आम्ही, लिंबाच्या बागेत मजुरी करायला लागलो. गावातली पोरं सासूबाईंना विचारायची, "आजी, तुम्ही कुठल्या?" त्या सांगायच्या, सारीकेचिली. पोरं हसायची.

मेमिश भावजी सोळा वर्षांनी आले. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, डोळे जवळजवळ गेलेले. कुणाकडून कळलं कोण जाणे. दारात उभे राहिले, केस पिकलेले, टोपी हातात. मी आत घेतलं, कारण दारात आलेल्याला आमच्यात हाकलत नाहीत.

"कोण आलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"मी, आई. मेमिश."

"कुणातला?"

अनोळखी माणूस तंबूशी आला की आम्ही हेच विचारतो. "सारीकेचिली," भावजी म्हणाले.

मला वाटलं, आता सासूबाई रडतील. मग त्यांनी मला हाक मारली.

"दोंदू, पाहुण्याला ताक दे. लांबून आलाय."

आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी ताक आणलं. सोळा वर्षं जपलेलं भांडण तोंडाशी आलं होतं आणि पाहुणा या एका शब्दानं मला बोलायची गरजच उरली नव्हती. भावजींनी वाडगा दोन्ही हातांनी घेतला, उभ्यानंच संपवला आणि परत दिला. मग परका माणूस निघताना घरधनिणीला म्हणतो तसं मला म्हणाले, "तुमच्या घरात बरकत राहो, बाई," आणि पायऱ्या उतरून गेले.