तीन विरुद्ध दोन

“मार कोणाचा बसला ते सांग, नाचलं कोण ते नको सांगू.”

बॉक्सिंगची कोणतीही लढत असो, माझ्या मैत्रिणीचा निकाल या एका वाक्यात असायचा. हे बोलताना ती मिरचीचा देठ असा तोडायची की समोरच्याला आपली मान आठवावी.

आम्ही दोघी नागपुरात कळमन्याच्या बाजारात एकाच ढिगावर बसून मिरच्या खुडायचो. तुम्ही तिकडे गेला असाल तर अशा बायका पाहिल्या असतील. तोंडाला फडकं, डोळे लाल, जीभ मोकळी. तिची जीभ जरा जास्तच मोकळी होती. दिसायला काडी, पण तिच्याशी वाद घालून आपला डबा सुखानं खाल्लेला माणूस मी पाहिला नाही.

अमेरिकेत मोठी लढत झाली की आमच्या शेडमधला एक हमाल दुपारच्या सुट्टीत मोबाईल पोत्याला टेकवून ठेवायचा. मिशाळ गडी, तिचा रोजचा वैरी. एकदा बारा राउंड झाले आणि पंचांनी पळत पळत मारणाऱ्याला जिंकवलं. हमाल खूश.

“बरोबर दिलं मावशी. ठोसे त्याचेच जास्त होते.”

“जास्त होते, पण लागले किती? दुसरा त्याले कोपऱ्यात दाबून राहिला होता, तुले दिसलं नाही काय गा?”

“पंचाले दिसते ना. राउंड ज्याचा त्याले दहा, दुसऱ्याले नऊ. सीधा हिशेब आहे.”

“पंचाले घरी बायको तरी दिसते काय, ते विचार अगोदर.”

सगळी शेड हसली आणि हसता हसता ठसका लागून खोकली. ती हसली नाही. पंच हा शब्द निघाला की ती हसत नसे.

कारण सांगते. तिची पोरगी बॉक्सिंग खेळायची. राज्याच्या फायनलला आम्ही दोघी गेलो होतो. ती जिंकली असती तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागायची आशा होती. पहिला राउंड पोरीचा, दुसरा समोरचीचा, आणि तिसऱ्यात पोरीनं तिला दोरापर्यंत नेऊन धुतलं. पाच पंच होते. निकाल लागला तीन विरुद्ध दोन, समोरचीच्या बाजूनं. कोणत्या पंचानं कोणाला दिलं ते वर पडद्यावर दिसत होतं. बाहेर आलो, तर त्या तिघांतला एक, आमच्याच भागात राहणारा, जिंकलेल्या पोरीच्या कोचच्या गाडीत बसत होता. दोघं हसत होते.

पोरगी रडली, मग उगी राहिली. हातमोजे पलंगाखाली टाकले आणि शहराबाहेर वाडीला एका गोदामात खोके भरायच्या कामाला लागली. आईनं मात्र सोडलं नाही. हमाल मुद्दाम टोचायचा, “मावशी, तुही पोरगी हारलीच होती. व्हिडिओ पाह्यला मी.” ती मूठभर मिरच्या त्याच्या अंगावर फेकायची आणि अडत्या दोघांवर ओरडायचा.

“सोड ना वं आता,” मी एकदा म्हटलं.

“सोडतो. त्या पंचाचे डोये पाण्यानं भरू दे, मंग सोडतो.”

पुढे तो पंच निवृत्त झाला आणि वस्तीतल्या मंडळानं विहारासमोरच्या मैदानात त्याचा सत्कार ठेवला. मिरची खुडणारी बाई हाताला तेल चोळून बेसनानं घासल्याशिवाय स्वतःच्या तोंडाला हात लावत नाही. त्या संध्याकाळी काम सुटल्यावर मी तेलाची बाटली तिच्यापुढे केली.

“आज नाही,” ती म्हणाली.

मी बाटलीचं झाकण लावलं.

शाल-श्रीफळ झालं. लोक अभिनंदन करायला मंचावर चढले, त्यांच्यात ती, तिच्यामागे मी.

“सर, माह्या पोरीच्या फायनलले तुम्ही पंच होते. कोण जिंकलं होतं, खरं सांगा.”

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. “बाई, किती लढती केल्या मी. कोणाकोणाची आठवण ठेवू?”

“बरं,” ती म्हणाली. आणि त्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन, मन लावून, चोळून चोळून अभिनंदन केलं.

उकाडा होता. तो भाषणाला उभा राहिला, कपाळाचा घाम पुसला, मग डोळे पुसले. पुढे डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. माईकवाला ओरडला, “सर भावुक झाले!” लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानं मिचमिचत आधी आपले हात पाहिले, मग तिच्याकडे.

“लोकं तं टाळ्या वाजवून राहिले वं,” मी म्हटलं.

“वाजवू दे. काहून जळून राहिलं ते त्याले समजलं.”

दुसऱ्या दिवशी शेड पोट धरून हसली. हमालही हसला. मग म्हणाला, “पण मावशी, डोळे जळले, निकाल कुठं बदलला? तीन-दोन तं तीन-दोनच.”

तिनं फेकायला उचललेल्या मूठभर मिरच्या परत ढिगात टाकल्या. त्यानंतर ती रोज त्याच्याच मागे लागली. “एक डाव म्हण ना गा, पोरगी जिंकली होती.” तो मिशीत हसायचा. “नाही म्हणत.”

गेल्या उन्हाळ्यात ती दम्यानं गेली. हमाल आला, तिच्या डोक्याशी वाकला आणि म्हणाला, “मावशी, पोरगी तुहीच जिंकली होती. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू चिडत होती, मजा येत होती मले.”

“जिती होती तेव्हा तोंड शिवलं होतं काय गा तुह्यं?” मी म्हटलं. तो रडायला लागला. मी रडू दिलं.

अजूनही मोठी लढत झाली की तो पोत्याला मोबाईल टेकवतो. भांडायला कोणी उरलं नाही म्हणून माझ्याजवळ येऊन बसतो. “मावशी, कोण जिंकलं वाटते तुले?”

कोण जिंकलं ते मला दिसलेलं असतं. मी देठ तोडत राहते. तिनं पाहिली तशी तो सुट्टी संपेपर्यंत वाट पाहतो. पाहू दे.