क्वार्टरखालची टकटक

इकडे उत्तरेत, आमच्या मानक नगरच्या सरकारी क्वार्टरखालून पाण्याचा जुना बोगदा जातो. विटांचा, माणूस वाकून चालेल एवढा. हवा खेळती राहावी म्हणून त्याची एक चिमणी आमच्या मागच्या अंगणात निघते. भूकंपात टिकावा म्हणून बोगदा मजबूत करायचं ठरलं आणि माझ्या पहिल्याच नोकरीत ते काम माझ्याकडे आलं.

आतलं पाणी काढून टाकलं होतं. मी हातोडीने भिंत ठोकत पुढे जायची. विटांमागे पोकळी असेल तर आवाज बदलतो. तिथे खडूने खूण करायची, मग मिस्त्री ती जागा सिमेंटने भरून आतून जाळी बसवणार. मला हे काम आवडलं. कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

आम्ही घराच्या बाजूला सरकत आलो तशी आई जेवेनाशी झाली. गॅस पेटवून विसरायची. बाबा म्हणाले, थंडी बाधली असेल. एका संध्याकाळी मी घरी आले तर ती चिमणीच्या तोंडात गोधडी कोंबत होती.

"मम्मी, ये क्या कर रही हो?" घाबरले की मला हिंदीच सुचते.

"आवाज येलालाय. खालून."

"अगं, मीच ठोकते ना."

"ठाऊक आहे. तुझे बाबाबी तेच सांगतात."

लातूरकडच्या तिच्या गावात भूकंपात मामा गेला, एवढंच मला माहीत होतं. तेव्हा ती शाळेत शिकत होती. बाकीचं तिने गोधडीकडे बघत सांगितलं.

"ढिगाऱ्याखालून ठोकत होता गं तो. सगळे म्हणायचे, गप बसा, ऐका. मी गप बसले. दुपारपर्यंत ऐकू आलं."

"मग?"

"मग थांबलं." ती गोधडीचं टोक आत खोचत राहिली. "ठोकलेलं सोसते मी. तू रोज संध्याकाळी थांबतेस ना, ते नाही सोसत."

दुसऱ्या दिवशी नेमका आमच्या क्वार्टरखालचा भाग होता. तो सोडता येत नव्हता. तिथे पोकळी राहून गेली असती तर धक्का बसल्यावर बोगदा तिथेच, आईच्या स्वयंपाकघराखाली, बसला असता. चिमणीतून उजेड येत नव्हता. मी ठोकत होते, आणि दोन ठोक्यांच्या मधे मला विटांपलीकडचं कुणीतरी ऐकतंय असं वाटत होतं.

भाग संपला. खुणा झाल्या. तरी मी ठोकतच राहिले.

"मैडम जी, यहाँ का तो हो गया," मिस्त्री म्हणाले. "अब किसको जगा रही हैं?"

मागचे दोघं मजूर हसले. मी हातोडी मिस्त्रींच्या हातात दिली. "भैया, आप ठोकते रहिए. मैं ऊपर से आवाज़ दूँगी."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ठोकायला लागले.

मी शिडीने वर आले, चिखलाच्या बुटांनीच घरात शिरले. आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. समोर मटार, अर्धे सोललेले. एक तळवा फरशीवर टेकवलेला. खाली टकटक चालू होती. मी अंगणात गेले, गोधडी उपसून काढली, चिमणीत तोंड घालून "बस, भैया" म्हटलं आणि पळत येऊन तिच्याशेजारी बसले.

शेवटचे एकदोन ठोके आले. मग थांबलं.

आईने माझ्या केसांतला सिमेंटचा चुरा बघितला. "वर आलीस?"

"आले."

"बरं," ती म्हणाली. तळवा मात्र तिने फरशीवरून उचलला नाही, आणि मीही उठले नाही.