शुक्रवारी न भिजवलेली माती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. रविवारची सकाळ होती. खोलीच्या दारात बसलो होतो, तिच्यापुढे परात, माझ्यापुढे कोमट पाण्याचं पातेलं. मोड आलेला वाल चिमटीत दाबला की सालातून सटकतो. तिच्या हातून परातीत पडायचा, माझ्या हातून उडून गॅलरीत जायचा. मग ती म्हणायची, "तुमच्या हातचा निम्मा वाल शेजारणीचा." दर वेळेला म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. बाजारातून कोलंबी घेऊन आल्यापासून ती गप्प होती, आणि ती गप्प असली की काहीतरी विचारणार हे तिला बायको करून आणल्यापासून मला माहीत आहे.

काय विचारणार तेही माहीत होतं. ते आधी सांगतो, नाहीतर कळणार नाही.

मी मैदानावर माळी. परळला, गिरणीच्या मागच्या बाजूला आमच्या क्लबचं मैदान आहे. गिरणी बंद पडली तेव्हा तिथे लागलो तो आजपर्यंत. शाळा चौथीपर्यंत. विकेट बनवणं, रोलर फिरवणं, चुन्याच्या रेषा मारणं, एवढंच येतं आणि ते चांगलं येतं, असं मी समजत होतो.

त्या आठवड्यात देशाच्या मुलींच्या टीमसाठी नव्या फास्ट बोलर निवडायच्या होत्या. शुक्रवार-शनिवार ट्रायल. गेटवर कागद लावला होता, त्यावर 'उदयोन्मुख' असा शब्द होता. मला तो वाचता आला नाही. बायको डबा घेऊन आली तेव्हा तिने वाचून दाखवला. ती सातवी पास. म्हणाली, "म्हणजे वर येणारी. आपल्या कोळणीची पोर आहे ना यात?"

होती. बायको तीस वर्षं जिच्याकडून मासे घेते तिची पोर. उंच, काळीसावळी, हात मनगटापासून लांब. आई बाजारात बसते आणि पोर आमच्या मैदानावर वाढली. मला मामा म्हणते.

आता माझं काम. फास्ट बोलरचा पुढचा पाय दर बॉलला रेषेजवळ आपटतो. तिथे खड्डा पडतो. एकीची ओव्हर संपली की मी जाऊन खड्डा भरतो, ठोकतो, मग दुसरी येते. म्हणून प्रत्येकीचं पाऊल मला ताजं दिसतं. निवड करणारे साहेब, स्वतः एके काळी मोठे खेळलेले, त्यांना हे ठाऊक आहे. स्पीड मोजायची मशीन असते, कॅमेरे असतात, तरी संध्याकाळी सगळे गेले की ते बूट काढून विकेटवर येतात आणि विचारतात, "मामा, पाऊल कुणाचं खरं?" पाऊल एका जागी पडतं ती बोलर अंगाने मजबूत. पाऊल भटकतं तिला कुठेतरी दुखतंय, ती लपवतेय.

शुक्रवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या मामांचा डोळा मशीनपेक्षा पक्का." एका पोराने माझा त्यांच्याबरोबर फोटो काढला. मी सरळ नाक्यावर गेलो. चहावाल्याला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, ज्याला ऐकायचं नव्हतं त्यालाही सांगितलं. घरी पोचायला अंधार पडला.

आणि माती भिजत घालायची राहिली.

खड्डा भरायची लाल माती आदल्या संध्याकाळी भिजवावी लागते. वर ओलं पोतं टाकायचं, सकाळपर्यंत ती लोण्यासारखी होते, मग ठोकली की दगड. सकाळी भिजवून चालत नाही. शनिवारी सकाळी घमेलं बघितलं, कोरडं. कोपऱ्यातली सुकी माती आणली, वरून पाणी शिंपडलं, धुमसाने ठोकली. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

सगळ्यात शेवटी त्या पोरीची ओव्हर आली. पहिला बॉल चांगला. दुसऱ्याला पाय जरा सरकला. तिसऱ्याला घोटा वळला, बॉल कीपरच्या डोक्यावरून गेला. ती परत आली, वाकून माती बघितली आणि मला म्हणाली, "मामा, माती हलते."

साहेब ऐकत होते. बाकीच्या मुली ऐकत होत्या. मी म्हणालो, "तू तुझा पाय सांभाळ. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून खड्डे भरतोय."

ती परत धावली. पुन्हा घसरली. ओव्हर संपवून लंगडत बाहेर गेली.

बाकीच्या का घसरल्या नाहीत, ते मला तेव्हाच दिसत होतं. त्यांची पावलं इकडेतिकडे पडत होती, एकीचं वीतभर पुढे, एकीचं बाजूला. हिचं पाऊल दर वेळी त्याच जागी, रुपयावर रुपया ठेवावा तसं. म्हणून हिनेच खालची सुकी माती उकरली. जिचं पाऊल सगळ्यात खरं, तिलाच माझ्या खड्ड्याने पाडलं.

संध्याकाळी साहेब बूट काढून आले. म्हणाले, "मामा, ती उंच मुलगी. तिच्या पायाला काही आहे का? वेग आहे, पण आज बघवत नव्हतं. लिस्ट सोमवारी अकराला जाते."

मी म्हणालो, "घोटा कच्चा आहे साहेब. पाऊल भटकतं."

साहेबांनी मान हलवली. माझ्या डोळ्यावर त्यांचा विश्वास. त्यांनी वहीत काहीतरी खोडलं. मी तिचा खड्डा न भरताच विकेटवर प्लास्टिक ओढलं आणि घरी आलो. जेवलो. झोप लागली. तेही सांगायला पाहिजे, की मला झोप लागली.

तर रविवारी वाल सोलताना बायको म्हणाली, "कोळीण भेटली."

"मग?"

"पोरीचा पाय सुजलाय. पोर बोलते, मामाच्या मातीत घसरला. आईने तिलाच दटावलं. बोलली, मामा असं करणार नाय, तुझ्याच पायाची चूक असेल."

मी वाल सोलत राहिलो.

"शुक्रवारी रात्री मी हे वाल भिजत घातले," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती, परातीत बघत होती. "तुम्ही माती घातली होती का भिजत?"

एवढंच विचारलं. मी हो म्हणू शकलो असतो, खोटं. नाही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, "तुझे वाल आणि माझी माती एक आहे काय? तुला त्यातलं काय कळतं? गप सोल."

ती गप सोलत राहिली. सगळे संपवले, सालं बाजूला टोपात टाकली. कोलंबी घालून बिरडं केलं. जेवताना मी म्हणालो, मीठ कमी आहे. कमी नव्हतं. ती उठली, मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवली आणि तिचं जेवण झाल्यावर जरा पडते म्हणाली. चार वाजता चहासाठी हाक मारली. उठली नाही. दुसऱ्यांदा हाक मारताना मी आवाज चढवला होता. शेजारणीने ऐकलं असेल.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, काही कळलं नसेल. संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. डोंबिवलीहून पोरगी आणि जावई आले. चाळीतल्या बायकांनी खोली आवरली, सालांचं टोपही कुणीतरी धुऊन पालथं घातलं. लोक मला सांगत होते, किती शांत मरण, किती पुण्याची बाई. मी मान हलवत होतो, साहेबांनी हलवली तशी. मला तिचा प्रश्न ऐकू येत होता, आणि ज्याला उत्तर द्यायचं ते माणूस गेलं होतं.

सोमवारी सकाळी सातला मी चप्पल घातली. पोरगी म्हणाली, "बाबा, कुठे?"

"साहेबांकडे. मग मैदानावर."

"आज पण मैदान? आई जाऊन एक रात्र झाली."

तिला काय सांगणार. मी जिना उतरलो. लालबागहून दादरला चालत गेलो. साहेब दुसऱ्या मजल्यावर राहतात. मी खालूनच वॉचमनला म्हणालो, त्यांना बोलाव. साहेब खिडकीत आले, हातात पेपर. "मामा, वर या की. चहा टाकलाय."

"वर येत नाही. सुतक आहे."

ते गंजीवरच खाली आले. "कोण गेलं?"

"आमची ही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला सहन होईना. मी म्हणालो, "हात काढा साहेब, आधी ऐका. त्या पोरीचा घोटा कच्चा नाही. मी शुक्रवारी माती भिजवली नव्हती. सुकी माती होती. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

साहेबांनी हात काढला. मग म्हणाले, "हे शनिवारी का नाही सांगितलं?"

"शुक्रवारी तुम्ही माझं कौतुक केलं होतं."

साहेब वर गेले, शर्ट घालून आले, टॅक्सी थांबवली. दोघं बसलो. बायको गेल्याचं ऐकून त्यांनी माझा शब्द मानला असेल, असं मला वाटत होतं, आणि तिच्या जाण्याचा मला असा फायदा नको होता. म्हणून मैदानावर पोचल्यावर मीच प्लास्टिक ओढलं आणि म्हणालो, "माझ्यावर जाऊ नका. पाय ठेवून बघा."

त्यांनी बुटाची टाच खड्ड्यात दाबली आणि फिरवली. माती भुगा होऊन वर आली. मग ते गुडघ्यावर बसले आणि बोटाने पावलाची कड चाचपली. एकच कड, खोल, सरळ. "सगळे बॉल इथेच," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी फोन लावला. कुणाला तरी म्हणाले, लिस्ट बुधवारपर्यंत थांबवा, एक नाव बघायचंय. मग पोरीला लावला. पाय कसा आहे विचारलं. तिने काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी सूज उतरलेली असेल तर चार ओव्हर टाकायच्या. का ते मामा सांगतील." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "पोरी, तुझं पाऊल बरोबर होतं. माती माझी कच्ची होती."

तिच्या मागे बाजाराचा आवाज येत होता, बर्फ फोडल्याचा. मग म्हणाली, "मामी गेल्या असं आई बोलली. तुम्ही मैदानावर कसे?"

"आलो."

"जेवलात काय?"

"नाही."

मला वाटलं फोन ठेवला. मग तिने विचारलं, "मामा, उद्याची माती भिजवणार ना?"

चिडून नव्हतं विचारलं. विचारायला लागलं, एवढंच. याआधी मला कुणी हे विचारलं नव्हतं. एकीने विचारलं होतं, कालच.

"हो," मी म्हणालो.

साहेब गेले. मी खड्ड्यातली सगळी सुकी माती खरवडून काढली, खालच्या घट्ट थरापर्यंत. शेडमधून लाल माती आणली, चाळली, खडे वेचले. घमेल्यात पाणी ओतलं, हाताने मळली. मळताना हात कोपरापर्यंत लाल झाले. वर पोतं ओलं करून टाकलं, कडेला विटा ठेवल्या. मग शेजारी बसलो आणि पोतं सुकायला लागलं की पाणी मारत राहिलो.