टोपण लावलेलं पेन

दवाखान्यात बाटल्या आणि किस्से, दोन्ही साठत जातात. बाटल्या पेशंट घेऊन जायचे, किस्से माझ्याकडेच राहिले! संस्थान विलीन झाल्यानंतरची ती वर्षं. धारच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमच्या डॉक्टरांना सगळे अण्णासाहेब म्हणत. त्यांचा एकच नियम: पेशंटचं बोलणं संपेपर्यंत पेनचं टोपण काढायचं नाही. बाहेर ही रांग, आत मी चडफडतोय आणि हे आपले शांतपणे ऐकताहेत!

*

सरदारपूरची एक म्हातारी पोटदुखी घेऊन आली. पोटावरून सुनेवर गेली, सुनेवरून म्हशीवर. अण्णासाहेब "हूं, मग?" म्हणत राहिले. शेवटी म्हातारी उठलीच. "दवई रेवा दो, साब. अब नी दुखे!"

औषध नकोच म्हणे, आणि मी बाटलीवर डोसांची कागदी पट्टीसुद्धा चिकटवून ठेवली होती.

हे मी घरी बायकोला, कमलला, हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. आमचा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला होता, बारशाच्या आधी. ती विषय काढायची आणि मी "झालं ते झालं" म्हणून ताटावरून उठायचो. हळूहळू तिने बोलणंच सोडलं. भाजी वाढू का, एवढंच विचारायची.

*

धामनोदचा एक ट्रक ड्रायव्हर आला. मी दारातच अडवला. "कहाँ दुखता है, इतनाच बोलो भिया!" बिचारा "कमर" म्हणाला. आत गेल्यावर अण्णासाहेबांनी नुसतं "और?" विचारलं.

"साब, कभी-कभी सामनेवाली गाड़ी दो दिखती है."

त्याला लगेच इंदूरला पाठवला. अण्णासाहेब मला म्हणाले, "भास्करराव, तुम्ही त्याला कमरेतच संपवला होता!"

*

आमचे नेहमीचे पेशंट काकासाहेब पूर्वी संस्थानात लोकांचे अर्ज ऐकून घ्यायचे. विलीनीकरणात ते काम गेलं, तेव्हापासून रोज नवा आजार. एकदा अण्णासाहेब म्हणाले, "बाकावर बसून लोकांना काय होतंय ते जरा विचारून ठेवता का?"

आठवड्याने मी विचारलं, "काकासाहेब, आज काय दुखतंय?"

"थांब रे, आधी या बाईंचं होऊ दे!"

*

एके दुपारी पाहतो तर रांगेत कमल! हातात धुतलेली बाटली.

"अगं, काही होत होतं तर घरी सांगायचंस ना!"

"इथे नंबर लागतो," ती म्हणाली.

अण्णासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. "बसा, भास्करराव. हा पेशंट तुमचा." टोपण लावलेलं पेन माझ्यासमोर ठेवून ते बाहेर गेले.

मी बसलो. "काय होतंय?" एवढंच कसंबसं विचारलं.

तिने बाटली टेबलावर ठेवली. मी घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच!

"मी त्याचं नाव ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"काय ठेवलं होतंस?"

तिने सांगितलं. मग पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला लागली.

बाहेर काकासाहेब कुणाला तरी म्हणत होते, "थांब रे, आत बोलणं चाललंय!"